सुरांची पत्रपेटी : काखेतली पिशवी आणि मेंढपाळांच्या चाली

गेल्या अंकात पुंगी आणि तारपा या भोपळ्याच्या वाद्यांवर लिहिताना बॅगपाइपचा उल्लेख एका ओळीत उरकला होता. पत्रं आली ती नेमकी त्याच ओळीवर. म्हणून या वेळची सगळी जागा बॅगपाइपला.

प्रश्न : ताई, माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीच्या पाइप बँडमध्ये होते. त्यामुळं बॅगपाइप म्हणजे परेड, कडक आवाज आणि गाल फुगवून फुंकणं, एवढंच माझ्या डोक्यात. परवा नातवानं मोबाइलवर एका बाईंचं वादन ऐकवलं. बाई खुर्चीत बसून वाजवत होत्या, तोंडात नळी नव्हती, आवाज मऊ होता. नाव कॅथरिन टिकेल. हा बॅगपाइपच का? आणि या बाई कोण?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : होय, बॅगपाइपच. तुमच्या वडिलांच्या वाद्याचा हा चुलतभाऊ, पण घरात वाढलेला. वडील वाजवायचे तो स्कॉटलंडचा हायलँड पाइप. तो मोकळ्या मैदानासाठी घडवलेला. टिकेल वाजवतात ते नॉर्थंब्रियन स्मॉलपाइप्स. नॉर्थंबरलँड म्हणजे इंग्लंडचं उत्तर टोक, स्कॉटलंडच्या सीमेला लागून असलेला परगणा. डोंगर, गवत, मेंढ्या आणि फार थोडी वस्ती.

हायलँड पाइपची पिशवी तोंडानं फुंकून भरतात. स्मॉलपाइपला उजव्या कोपराखाली एक छोटा भाता बांधलेला असतो, आपल्या पेटीला असतो तसाच. कोपर वरखाली झालं की हवा डाव्या काखेतल्या पिशवीत जाते आणि डाव्या हाताच्या दाबानं ती नळ्यांत उतरते. श्वासातली ओल आत शिरत नाही, म्हणून नळ्यांतल्या, आवाज काढणाऱ्या पाती कोरड्या राहतात आणि जास्त टिकतात.

खरी गंमत बोटांखालच्या नळीत आहे. तिचं खालचं टोक बंद असतं. सगळी भोकं झाकली की नळी गप्प. हायलँड पाइपला ही सोय नाही. तिथं नळी उघडी असते, वाद्य एकदा सुरू झालं की मध्ये शांतता मिळत नाही, आणि तोच स्वर दोनदा वाजवायचा तर मध्ये दुसऱ्या स्वराचा निसटता फटका द्यावा लागतो. स्मॉलपाइपवर एक बोट उचलायचं, परत टेकवायचं, मग दुसरं उचलायचं. प्रत्येक स्वर सुटा. जोंधळ्याचे दाणे पितळी परातीत एकेक पडावेत तसा.

हे मी जवळून पाहिलंय. माझी मुलगी त्याच भागातल्या न्यूकॅसल शहरात एका रुग्णालयात काम करते. तिच्याकडं तीन महिने राहिले, तेव्हा मॉरपेथ नावाच्या गावातलं बॅगपाइप संग्रहालय पाहायला गेले. तेराव्या शतकातली दगडी इमारत, वरच्या मजल्यावर देशोदेशींच्या पिशव्या आणि नळ्या. पण लक्षात राहिला तो मुलीच्या शेजारचा सत्तरीचा वादक. त्यानं चहा झाल्यावर पट्टा बांधला, भाता कोपराखाली घेतला आणि आधी पाच मिनिटं फक्त सूर लावला. स्मॉलपाइपला बोटांच्या नळीशिवाय आडव्या धरलेल्या चार नळ्या असतात; त्या एकेक सूर धरून ठेवतात. बहुतेक वेळा त्यांतल्या तीन वाजतात : षड्ज, पंचम आणि वरचा षड्ज. तो नळीचं टोक केसभर ओढायचा, कान द्यायचा, परत आत ढकलायचा. मिरजेत तंबोरा जुळवणारा कारागीर घोडीवरचा दोरा सरकवतो आणि थांबतो, तसंच. मग त्यानं ती पिशवी माझ्या काखेत दिली. चाळीस वर्षं पेटीचा भाता हलवलेला हात माझा, तरी सूर डळमळला. पेटीच्या आत भात्याला दाब देणारी स्प्रिंग असते. इथं ते काम आपल्याच दंडाला करावं लागतं. उजवा हात हवा भरत असताना डाव्या हातानं दाब रतीभरही बदलू द्यायचा नाही, आणि हे चालू असताना दोन्ही हातांची बोटं वाजवणार. हे वाद्य लहानपणीच अंगात का मुरावं लागतं, ते त्या दिवशी कळलं.

आता टिकेल. जन्म 1967चा. नॉर्थ टाइन नदीच्या खोऱ्यात घराण्याची मुळं. वडील गाणारे. त्यांनी दुसऱ्याच कुणासाठी स्मॉलपाइप्स घरी आणून ठेवले होते आणि ते या मुलीनं उचलले. पुढं ती बसली कुणाजवळ? जो हटन, विली टेलर आणि विल अॅटकिन्सन या तीन म्हाताऱ्यांजवळ. तिघंही मेंढपाळ. हटन पाइप वाजवायचे, टेलर फिडल म्हणजे व्हायोलिन, आणि अॅटकिन्सन माउथ ऑर्गन. कागद समोर ठेवून शिकवणारी ही माणसं नव्हती. ते वाजवणार, तुम्ही शेजारी बसून ऐकणार, घरी जाऊन बोटांत शोधणार. टिकेल आज फिडलही उत्तम वाजवतात, ते त्या सहवासातूनच आलं. मी जत-आटपाडीकडं धनगरांचं गजीनृत्य पाहिलेलं आहे. ढोल वाजवणाऱ्या बापाच्या पायाशी पोर नुसतं बसलेलं असतं. त्या पोराला कुणी 'विद्यार्थी' म्हणत नाही, पण शिकणं तिथंच चाललेलं असतं.

1984 साली, वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी, त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका आली : 'ऑन किल्डर साइड'. किल्डर हे त्याच खोऱ्याचं वरचं टोक. नॉर्थ टाइनवर धरण होऊन तिथं ब्रिटनमधला सगळ्यात मोठा मानवनिर्मित जलाशय झाला, 1982 साली त्याचं उद्घाटन झालं. कोयनाकाठच्या माणसाला हे वाचून काय वाटेल ते मी सांगायला नको. त्याच 1984मध्ये न्यूकॅसलच्या लॉर्ड मेयरच्या अधिकृत पाइपवादक म्हणून त्यांची नेमणूक झाली. हे पद दीडशे वर्षं रिकामं होतं.

प्रश्न : मी सॅक्सोफोन शिकतो. बॅगपाइपवर जॅझ होतं असं ऐकलं, पण पटत नाही. जॅझमध्ये कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गुच्छ, सारख्या बदलतात आणि बॅगपाइपमध्ये तर एकच सूर घुमत राहतो. मग जमतं कसं? ऐकायला काही सुचवाल का?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : तुझी शंका रास्त आहे. घुमणारा सूर म्हणतो, 'माझा सा हाच.' जॅझचा पियानो दर दोन मात्रांना वेगळंच घर दाखवतो. मग दोनच वाटा उरतात. एक म्हणजे सूर बंद करायचा, दुसरी म्हणजे सुराशी जुळेल असं जॅझ वाजवायचं. दोन्ही वाटांनी माणसं गेलेली आहेत.

दुसरी वाट आधी सांगते, कारण तिची कथा मला फार भावते. रूफस हार्ले, जन्म 1936, वाढले अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात. कृष्णवर्णीय, तुझ्यासारखेच सॅक्सोफोनवाले. ज्या डेनिस सँडोलेंकडं जॅझचे थोर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन शिकले, त्यांच्याकडंच हार्लेही शिकले. नोव्हेंबर 1963मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या अंत्ययात्रेत स्कॉटलंडच्या ब्लॅक वॉच पलटणीचा पाइप बँड वाजला. तो आवाज हार्लेंच्या मनातून जाईना. सॅक्सोफोनवर काढून पाहिला, निघेना. शेवटी न्यूयॉर्कमध्ये गहाणवस्तूंच्या दुकानात 120 डॉलरला एक जुना पाइप मिळाला. 1965 साली त्यांनी 'बॅगपाइप ब्लूज' ध्वनिमुद्रित केलं. वेळही अनुकूल होती. त्याच सुमारास कोल्ट्रेनसारखे वादक रविशंकर ऐकत होते, भराभर बदलणाऱ्या कॉर्डमधून बाहेर पडून एकाच स्वरसमूहात लांबवर फिरत होते. रागदारीचा कान असलेल्या आपल्याला हे लगेच कळतं. तिथं घुमणारा सूर अडचण राहत नाही, तो तंबोरा होतो. हार्लेंकडं हायलँड पाइपचे मोजून नऊ स्वर होते. तेवढ्यात त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. 1974मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या जॅझ महोत्सवात सॉनी रोलिन्सच्या जोडीला ते पाइप घेऊन उभे राहिले होते. तुझ्या वाद्याच्या एवढ्या मोठ्या माणसाशेजारी!

पहिली वाट स्मॉलपाइपची. त्याच्या सूर धरणाऱ्या नळ्या एकेक करून बंद करता येतात; टोकाशी बूच असतं, ते आत दाबलं की झालं. शिवाय 19व्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्थ शील्ड्सच्या रॉबर्ट रीड या कारागिरानं बोटांच्या नळीला धातूच्या चाव्या बसवल्या, तुझ्या सॅक्सोफोनला असतात तशा. साध्या नळीला सात, मोठीला सतरापर्यंत. त्यामुळं कोमल-तीव्र मिळतात, पट्टी बदलता येते, आणि सॅक्सोफोनशी बरोबरीनं बोलता येतं. टिकेल यांनी जॅझ सॅक्सोफोनवादक अँडी शेपर्ड यांच्याबरोबर 2001 साली असंच एक काम केलं, टाइन नदीवर गेट्सहेडचा नवा पादचारी पूल झाला त्या निमित्तानं.

काय ऐकावं? आधी 'ऑन किल्डर साइड'. मग 2019चं 'हॉलोबोन', ज्यात त्यांच्याबरोबर 'द डार्कनिंग' हा त्यांचा नवा चमू आहे. या दोहोंत पस्तीस वर्षांचं अंतर आहे. या क्रमानं ऐकलंस तर नव्यात जुनं कुठं कुठं आहे ते तुझं तुला सापडेल. स्टिंग हा गायकही त्याच टाइनकाठचा, वॉल्सएंडच्या जहाजगोदीजवळचा. 1991 साली वडिलांच्या आठवणीत केलेल्या ध्वनिमुद्रिकेसाठी त्यानं टिकेल यांच्याच स्मॉलपाइप्सना बोलावलं. घरची आठवण काढायची तर घरचाच आवाज हवा, हे मला पटतं.

प्रश्न : डेहराडूनला बदली झाली. इथल्या लग्नांत 'मशकबीन' वाजते. ती बॅगपाइपच ना?
– एक वाचक, डेहराडून

उत्तर : तीच. गोऱ्या पलटणींबरोबर आली आणि गढवाल-कुमाऊंची होऊन गेली. आता ढोल-दमाऊबरोबर तिच्यावर तिथल्याच चाली वाजतात. वाजवणाऱ्याशी ओळख करून घ्या आणि शक्य तेवढं ध्वनिमुद्रण करून ठेवा.

प्रश्न : आमच्या घरात चार पिढ्या सनई. देवळात, लग्नात वाजवतो. एका संगीत संमेलनात वाजवू द्या म्हणून गेलो, तर 'तुमचं ते लोकसंगीत, इथं शास्त्रीय चालतं' असं उत्तर मिळालं. मालकंस, भूप आम्हीही वाजवतो. तुम्ही मागे लिहिलं होतं की एका बॅगपाइपवाल्या बाईंना तिकडच्या राणीनं संगीतपदक दिलं. त्यांना शास्त्रीयवाल्यांनी कसं आत घेतलं?
– एक सनईवादक, सातारा जिल्हा

उत्तर : दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी माझी एक चूक कबूल करते, नाहीतर तुम्हाला उत्तर द्यायचा मला अधिकार नाही.

मी शाळेत संगीत शिकवत होते तेव्हा सातवीत एक मुलगा होता, सनईवाल्यांच्या घरातला. वडिलांबरोबर लग्नात सूर धरायला जायचा. वडील चाल वाजवणार आणि हा बाजूला बसून तासन्तास एकच सूर, गालात हवा साठवून, श्वास न तोडता. स्नेहसंमेलनात त्याला वाजवायचं होतं. मी म्हणाले, 'आधी पेटीवर अलंकार बसव, मग बघू.' तो दोन तासिका आला आणि मग येईनासा झाला. ज्याच्या अंगात सूर एवढा पक्का होता, त्याला मी सारेगम पाठ करायला बसवलं. त्याच्यापाशी आधीच काय आहे, हे मी विचारलंच नाही. तीस वर्षं झाली, पण त्याचं दप्तर खांद्याला लावून दारात उभं राहणं अजून डोळ्यांपुढं येतं.

आता तुमचा प्रश्न. टिकेल यांना 2009 साली राणीचं संगीतपदक मिळालं. ते पदक त्याआधी चार्ल्स मॅकेरस यांच्यासारख्या ऑर्केस्ट्राच्या दिग्गज संचालकाला मिळालेलं होतं. त्या रांगेत एक मेंढपाळांकडून शिकलेली वादक बसली. पण पदकाच्या आधी घडलं ते जास्त महत्त्वाचं आहे. सर पीटर मॅक्सवेल डेव्हिस हे तिकडचे मोठे शास्त्रीय रचनाकार होते, पुढं 2004 ते 2014 राजदरबाराचे संगीतप्रमुखही झाले. ते स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर राहायचे आणि बेटावरचे लोक काय वाजवतात ते ऐकायचे. 1985 साली त्यांनी ऑर्केस्ट्रासाठी एक रचना केली, 'अॅन ऑर्कनी वेडिंग, विथ सनराइज'. बेटावरचं लग्न, रात्रभर नाच, वादक झिंगलेले, आणि पहाटे लोक घरी निघतात तेव्हा सूर्य उगवतो. तो सूर्योदय म्हणजे बॅगपाइप. सबंध रचनाभर पाइपवादक कुठंच नसतो. शेवटी तो सभागृहाच्या मागून, पूर्ण पोशाखात, श्रोत्यांमधून चालत मंचाकडं येतो. त्याच डेव्हिस यांनी पुढं टिकेल यांच्या स्मॉलपाइप्ससाठी 'केटलटॉफ्ट इन' ही रचना केली. केटलटॉफ्ट हे ऑर्कनीतल्या ते राहत त्या बेटावरचंच छोटं गाव.

म्हणजे शास्त्रीयवाल्यांतला एक माणूस उठून वाद्यापर्यंत चालत गेला, वाद्याचे स्वर किती, हवा कशी चालते हे समजून घेतलं आणि त्याला साजेसं लिहिलं. टिकेल यांनाही आपल्या बाजूनं चालावं लागलंच. ऑर्केस्ट्रात लिहिलेलं वाजवायचं असतं, संचालकाच्या काठीकडं बघायचं असतं, पाइपची पट्टी व्हायोलिनच्या पट्टीशी जुळवायची असते. ते त्यांनी केलं. पण मेंढपाळांच्या चाली मात्र त्यांनी त्यासाठी घासूनपुसून गुळगुळीत केल्या नाहीत. त्यांचे कार्यक्रम ऐका. एखादी चाल सुरू करण्याआधी ती कुणाकडून मिळाली हे त्या आवर्जून सांगतात.

दादा, मालकंस तुम्ही वाजवाच. पण संमेलनाच्या दारात पुन्हा जाल तेव्हा देवळातली पहाटेची चालही घेऊन जा, आणि ती आजोबांनी कुणाकडून घेतली ते मंचावर सांगा. दार उघडलं नाही, तर चूक दाराची आहे असं मी या स्तंभात लिहीन. सनई एकदा सभागृहात पोचलेली आहे. बिस्मिल्ला खाँसाहेबांनी ती नेली आणि 2001 साली भारतरत्न घेतलं. त्यांचंही बालपण काशीत देवळातल्या सनईवाल्या मामांच्या शेजारी बसूनच गेलं होतं.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. गावात संबळ, हलगी, सनई वाजवणारी घरं आहेत, पण त्यांची मुलं शाळेत ते सांगायलाही लाजतात. पालक म्हणतात, यातून पोट भरत नाही. टिकेल यांनी मुलांसाठी काही केलं का? आणि मी काय करू?
– एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा

उत्तर : केलं, आणि माझ्या लेखी तेच त्यांचं सगळ्यात मोठं काम. 1997 साली, स्वतः तिशीत असताना, त्यांनी ईशान्य इंग्लंडमधल्या मुलांना संगीत शिकता यावं म्हणून 'यंग म्युझिशियन्स फंड' सुरू केला. तिशीत माणूस स्वतःचे कार्यक्रम मोजत असतो, त्या वयात त्यांनी हे केलं. मग 'फोकेस्ट्रा' नावाचा तरुण मुलांचा लोकवाद्यवृंद त्यांनी घडवला. गेट्सहेडला टाइनकाठी 2004मध्ये 'द सेज' नावाची काचेची मोठी संगीतवास्तू उभी राहिली. आता तिला 'द ग्लासहाउस' म्हणतात. तिथं एकाच छपराखाली रॉयल नॉर्दर्न सिंफोनिया हा ऑर्केस्ट्रा आणि लोकसंगीत शिकवणारी 'फोकवर्क्स' ही संस्था, दोन्ही नांदतात. व्हायोलिनच्या तासाला निघालेल्या मुलाच्या कानावर शेजारच्या खोलीतले पाइप पडतात. न्यूकॅसल विद्यापीठात लोकसंगीताची पदवीही सुरू झाली आणि टिकेल यांनी तिथं शिकवलेलं आहे. पोट भरण्याचा प्रश्न तिकडंही होता. त्याचं एक उत्तर म्हणून ही पदवी, या नोकऱ्या, हे वर्ग उभे केले गेले.

आता तुम्ही काय करायचं ते. पैसे लागत नाहीत, मुख्याध्यापकांची परवानगी लागते. एका शनिवारी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या संबळवाल्याला बोलवा. त्यांना खुर्ची द्या, गुळाचा चहा द्या, आणि मुलांना जमिनीवर अगदी जवळ बसवा, हात दिसतील इतक्या जवळ. भाषण नको, हार-नारळही नको. त्यांच्या नातवाला पुढं बसवू नका, त्यांच्या शेजारी बसवा. त्यांना विचारा, ही चाल कुणाची? ते नाव फळ्यावर लिहा. तुमच्या मोबाइलवर सगळं ध्वनिमुद्रित करा. मोबाइल संबळापासून दोन हात लांब ठेवा, नाहीतर आवाज फाटतो. नंतर एकेका मुलाला वाजवू द्या. पहिला धीट मुलगा उठेलच, पण तुम्ही वाट पाहा ती कोपऱ्यात बसलेल्या, त्या घरातल्या मुलाची. तो उठला की त्याला काही शिकवायला जाऊ नका, वाजवू द्या.

आणि मला पत्र लिहा. त्या चालीचं नाव आणि ती वाजवणाऱ्यांचं नाव, त्यांची हरकत नसेल तर, पुढच्या अंकात इथंच छापू.